सव्वा मणाचा आवाज

फ्रेझरपुरा, अमरावती
१३ जानेवारी १९६३

मोतीराम भावजींना भागीरथेचा जय भीम. जाईबाईलाही सांगा.

आडवळणानं लिहीत नाही. तुमच्या दादांचं लाउडस्पीकरचं मशीन मला परत पाहिजे.

दादा गेले तेव्हा मीच म्हटलं होतं, हे घेऊन जा, डोळ्यांसमोर नको. तुम्ही आणि दोन हमालांनी ते टांग्यात मागच्या बाजूला चढवलं, तसा टांगा मागं कलला आणि घोड्याचे पुढचे पाय उचलले गेले. तेव्हासुद्धा मला हसू आलं होतं, आणि हसल्याबद्दल दोन दिवस स्वतःचाच राग येत होता. आता दोन वर्षं होत आली. आता मशीन डोळ्यांसमोर असलं तर चालेल.

कारण सांगते. दादांच्या मागं आपली गायन पार्टी किसनराव चालवतात. पेटी तेच वाजवतात, पुढं बसतात, कोण कुठं बसेल तेही तेच ठरवतात. ऑक्टोबरातल्या धम्मदीक्षेच्या कार्यक्रमाला इतवारा बाजारातून भाड्याचा लाउडस्पीकर आणला होता. माझ्या बेंजोला दादांनी जुन्या टेलिफोनातली कॉइल बसवली आहे, तिचा आवाज किती बारीक ते तुम्हाला माहीत आहे. भाड्याच्या मशीनमधून डास गुणगुणल्यासारखं व्हायला लागलं. दादांनी आपल्या मशीनमध्ये खास तिच्यासाठी एक व्हॉल्व जास्तीचा टाकला होता. तो दुसऱ्या कोणत्याच मशीनमध्ये नाही. अर्ध्या कार्यक्रमात किसनराव सगळ्यांसमोर म्हणाले, "वयनी, बेंजो आयकू येत नाई तं मांडीवर काहून वागवता? झांज घ्या." मी झांज घेतली.

आपल्या वस्तीतलं विहार बुद्धपौर्णिमेला उघडायचं ठरलं आहे. बडनेऱ्याचा एक क्लॅरिनेटवाला किसनरावांनी आतापासून हेरून ठेवला आहे. पौर्णिमेलाही माझ्या हातात झांज आली, तर पुढं जन्मभर झांजच राहील. म्हणून मार्च संपायच्या आत मशीन पाठवा.

आणखी एक. मूर्तिजापूरच्या लग्नात मी तुम्हाला दोनदा हाक मारली. तुम्ही तोंड फिरवून मांडवाबाहेर गेलात. माझं काही चुकलं असेल तर लिहा.

भागीरथा

---

अकोट फैल, अकोला
२७ जानेवारी १९६३

वहिनींना जय भीम.

पत्र मिळालं. लग्नात गर्दी होती, बँड वाजत होता. लक्ष गेलं नसेल. मनाला लावून घेऊ नका.

मशीनचं म्हणाल, तर तुमचंच आहे, नाही कोण म्हणतो? पण ते हलवायचं म्हणजे काय असतं, ते तुम्ही विसरलात. दादानं नागपूरच्या कबाड्याकडून लढाईच्या वेळचा फौजेचा ट्रान्सफॉर्मर आणला, तो एकटाच धोंड्यासारखा जड. त्याखाली चेसिसचा पत्रा असा जाड घातला, जसं काही यावरून बैलगाडी जाणार आहे. आता सगळीकडे किलो झाले आहेत, पण मला ते सव्वा मण म्हणूनच माहीत आहे. मागे अकोटला न्यायचं होतं, तेव्हा एसटीचा कंडक्टर म्हणाला, "काय तिजोरी घेऊन निंगाले काय? टपावर नाई चढत हे." शेवटी चढवलं, आणि उतरवताना माझ्या पाठीत जी लचक भरली ती अजून आहे.

रेल्वेनं पाठवावं तर बडनेऱ्याला गाडी बदलते. तिथले हमाल पेटी उचलत नाहीत, लोटतात. व्हॉल्व काचेचे. एक फुटला तरी तसा परत मिळायचा नाही, दादा होता तेव्हाही मिळत नव्हता.

शिवाय सध्या कापसाच्या जिनिंगचा हंगाम आहे. फॅक्टरीत दुहेरी पाळी चालू आहे, रजा मागायची सोय नाही. घरी येतो तेव्हा नाकातोंडात रुई असते आणि अंगात जीव नसतो.

थोडं थांबा. तोवर झांज तर झांज. झांजही वाद्यच आहे.

आपला
मोतीराम

---

अमरावती
५ फेब्रुवारी १९६३

भावजी,

जय भीम.

"झांजही वाद्यच आहे" हे वाक्य मी तीन बायांना वाचून दाखवलं. तिघींनीही तुम्हाला काय म्हटलं ते लिहीत नाही, जाईबाई वाचायला शिकते आहे असं ऐकलंय.

मशीन कसं हलवतात ते मी विसरलेले नाही. दादांबरोबर बारा गावं फिरले मी. ते आधी व्हॉल्व काढून माझ्या पदरात द्यायचे, मी ते लेकरासारखे मांडीवर घेऊन बसायची. मग ट्रान्सफॉर्मरचे चार बोल्ट काढून तो वेगळ्या पेटीत बांधायचे. दोन नग झाले की एकेक माणूस उचलू शकतो. हे तुम्हीच दादांच्या हाताखाली केलेलं आहे. मग आता ते एकदम तिजोरी कसं झालं?

रजेचंही कळत नाही. पार्सल टाकायला सकाळचे दोन तास पुरतात. पाठ दुखत असेल तर हमाल करा. बडनेऱ्याची भीती वाटत असेल तर मी स्वतः बडनेऱ्याला येऊन उभी राहते, बघते कोण लोटतो ते.

माझंही ऐका. दिवसभर बालवाडीतली पोरं सांभाळते. संध्याकाळी दार लावून बेंजो काढते. मशीनशिवाय त्या तारा वाजतात म्हणजे शेजारच्या खोलीत कोणी पत्रा खरवडावा तशा. मला स्वतःलासुद्धा बरोबर वाजतंय की चुकतंय ते कळत नाही. बोटं विसरायला लागली आहेत. कंटाळा येतो, भावजी. घरातलं माणूस गेलं ते गेलं, त्याच्यामागं हातातलंही जावं हे मला सोसत नाही.

तुमच्या पत्राची वाट पाहते.

भागीरथा

---

अकोला
२६ फेब्रुवारी १९६३

वहिनींना जय भीम.

उत्तराला उशीर झाला.

दोन नगांचं तुमचं खरं आहे. पार्सल ऑफिसातही जाऊन आलो. नाजूक माल मालकाच्या जोखमीवर, म्हणतात. बाबूनं काय काय विचारलं, मी हो हो म्हणत राहिलो.

परतवाड्याचा कार्यक्रम आठवतो का? पूर आला होता, गाडी अलीकडेच थांबली. दादानं आणि मी मशीन बांबूला बांधून डोलीसारखं खांद्यावर घेतलं. तुम्ही पुढं बेंजो डोक्यावर धरून. दादा मागून गाणं म्हणत होता आणि मी त्याला शिव्या देत होतो, की दम राखून ठेव. तो आवाज मला सारखा आठवतो. आजकाल बसल्याजागी जुनंच आठवतं. नवं काही डोक्यात शिरत नाही.

वहिनी, एक मागतो. मशीन पावसाळ्यापर्यंत इथं राहू द्या. इकडे त्याचं काम आहे. कसलं काम ते विचारू नका. पावसाळ्यानंतर मी स्वतः आणून देईन, शब्द देतो.

पौर्णिमेचं मला समजतं. पण किसनरावांना सांगून बघा की एक वर्ष थांबा.

मोतीराम

---

अमरावती
१२ मार्च १९६३

मोतीराम भावजी,

तुमचं काम कसलं ते न विचारताच मला कळलं.

गोदाबाई अकोल्याला लेकीकडे गेली होती, काल परत आली. बायांच्या बैठकीत हसून हसून सांगत होती. म्हणे, "मोतीरामच्या घरी राजाचा थाट हाय बाप्पा! जाईबाई चुलीपाशी बसून माइकमधी बोलते, 'जेवाले या, भाजीत मीठ बराबर हाय का?' अन् भोंगा त्याच्या खाटेपाशी. साऱ्या गल्लीले मालूम, आज मोतीरामच्या घरी काय शिजलं ते!" सगळ्या बाया हसल्या. मलाही हसावं लागलं.

भावजी, दादांनी ते मशीन कशानं उभं केलं ते तुम्ही पाहिलंय. स्वतःच्या हातानं पत्रा कापताना त्यांचं बोट गेलं होतं. वस्तीतल्या माणसांचा आवाज मोठा व्हावा म्हणून त्यांनी ते केलं. आणि तुम्ही त्याच्यातून मिठाची चौकशी करता? दोन हात अंतरावर बसलेल्या नवऱ्याला जेवायला बोलवायला लाउडस्पीकर लागतो? एवढा थाट तर कलेक्टरच्या बंगल्यावरही नसेल. इकडे मी झांज घेऊन बसले आहे आणि तिकडे तुमची मौज चालली आहे. पाठदुखी, जिनिंग, बडनेऱ्याचे हमाल, सगळं या मौजेपायी.

मला वाईट वाटलं म्हणण्यापेक्षा शिसारी आली. तुम्ही त्यांचे भाऊ आहात हे खरं वाटेना.

आता विनंती करत नाही. पाठवणार नसाल तर तसं लिहा, म्हणजे बेंजो मी क्लॅरिनेटवाल्याच्या पोरांना खेळायला देऊन टाकते.

भागीरथा

---

अकोला
२१ मार्च १९६३

वहिनींना जय भीम.

मशीन आज सकाळी रेल्वेनं रवाना केलं. पावती सोबत आहे. ती दाखवल्याशिवाय स्टेशनवर माल देत नाहीत, जपून ठेवा.

पेट्या दोन आहेत. मोठ्या पेटीत चेसिस आणि छोटीत ट्रान्सफॉर्मर. भोंगा पोत्यात गुंडाळून वेगळा बांधला आहे. व्हॉल्व चेसिसच्या पेटीतच एका मडक्यात आहेत, मडक्याचं तोंड फडक्यानं बांधलं आहे. भोवती फॅक्टरीतली रुई दाबून भरली. आपल्याकडे तेवढीच एक गोष्ट फुकट आणि भरपूर. रेल्वेनं कितीही आपटलं तरी काही व्हायचं नाही.

एक मात्र नीट वाचा. जोडण्याआधी रुईचा कण न् कण काढा. चेसिसच्या पोटात, व्हॉल्वच्या खोबणीत, सगळीकडून. व्हॉल्व तापले की रुई पेट घेते. तारा कुठं जोडायच्या ते दादानं रंग लावून ठेवलंय, लाल लालला, पिवळी पिवळीला. लावताना हात कोरडे ठेवा आणि बटन बंद ठेवा. व्हॉल्व लाल व्हायला वेळ लागतो, घाई करू नका.

तुमचं बाकीचं पत्र वाचून ठेवून दिलं आहे.

मोतीराम

---

अमरावती
३ एप्रिल १९६३

मोतीराम भावजी यांस जय भीम.

मशीन मिळालं. उपकार झाले.

बडनेऱ्याला एक दिवस पडून राहिलं. इथं स्टेशनवर उतरवलं तेव्हा मोठ्या पेटीची खालची फळी सुटली होती, पण रुईनं सगळं धरून ठेवलं होतं. हातगाडीवाला म्हणाला, "बाई, यात देव हाय का दगड?" मी म्हटलं, "दोन्ही नाई. आवाज हाय, सव्वा मण." तो म्हणाला, मग हमाली सव्वापट.

मी आणि गोदाबाईनं दोन दिवस डोक्यातल्या पिना घेऊन रुई उपसली. तरी एक पुंजका कुठं तरी राहिलाच. बटन लावलं आणि जरा वेळानं जळका वास सुटला. गोदाबाई "पेटलं, पेटलं" करत बाहेर पळाली, शेजारचे बादल्या घेऊन आले. मी बटन बंद करून तो पुंजका काढला. व्हॉल्व सगळे शाबूत आहेत.

मग बेंजो जोडला. काय लिहू? तारेला बोट लागलं आणि आवाज छपराला जाऊन भिडला. किसनराव रस्त्यानं जात होते, ते दारात येऊन उभे राहिले. जाताना एवढंच म्हणाले, "पौर्णिमेले तुमी उजव्या हाताले बसा." उजव्या हाताला म्हणजे पेटीच्या बाजूला, दादा असताना मी बसायची तिथं.

माइकच्या जाळीला हळदीची बोटं लागली होती. पुसून टाकली.

भागीरथा

---

अकोला
१२ एप्रिल १९६३

भागीरथाबाईंना जाईबाईचा जय भीम.

बाई, मी बोलते तशीच लिवते. प्रौढांच्या वर्गात बाईनं अक्षरं शिकवली, पन पुस्तकातलं बोलनं मले येत नाई. चुकलं तं समजून घ्या. हे पत्र मी यायले, तुमच्या भावजीले, न सांगता लिवून राह्यली.

तुमचं रागाचं पत्र मी वाचलं. यायनं ते उशाखाली ठेवलं होतं. मले लय वाईट वाटलं, तुमच्यावर नाई, गोदाबाईवर. तिनं पायलं ते खरं, पन तिले समजलं ते खोटं.

बाई, यायले आयकू येत नाई.

दोन वर्सं झाले. आधी वाटे कानात रुई गेली. मंग डॉक्टरले दाखवलं. तो म्हने, जिनिंगच्या मशिनीच्या आवाजानं कान मेले, आता हे उतरतच जाईल. यायनं मले दादाची आन घातली, कोनाले सांगू नको. फॅक्टरीत समजलं तं मशिनीवरून काढतीन. पन त्याच्यापेक्षा तुमाले समजू नाई, हे यायच्या मनात जास्त. म्हनत, "वयनीले काय सांगू? गान्याच्या पार्टीतला मानूस बहिरा झाला?" मूर्तिजापूरले तुमी हाक मारली ते यायले आयकूच आलं नाई. मी घरी सांगतलं तं दिवसभर जेवले नाई.

मशीन घरी होतं म्हनून मी एक दिवस सहज माइकमधी बोलली, भोंगा यायच्या कानापाशी ठेवून. तं हे उठूनच बसले. म्हने, "काय म्हनलं? परत म्हन." मी म्हनलं, भाजीत मीठ बराबर हाय का? बाई, काय बोलावं ते त्या टायमाले मले सुचलंच नाई, तोंडात आलं ते बोलली. हे हसले. कित्येक महिन्यानं माझं बोलनं यायले समजलं होतं. तवापासून रोज जेवाच्या टायमाले तेवढं बोलो. लोक हसे, हसू द्या म्हनलं. हळदीचा हात माझाच.

मशीन पाठवाच्या दिवशी यायनं स्वताच्या हातानं रुई भरली. मी लय रडली. यायले पाटीवर लिवून दाखवलं, वयनीले खरं लिवा, त्या राहू देतीन. तं हे म्हने, "तिचं वाजवनं जाईल. माझं तं गेलंच हाय."

मी मशीन परत नाई मांगत. ते तुमचं हाय अन् तुमी वाजवाच. फक्त यायले पत्र लिवत जा. रागाचं बी चालते. आता घरात कोनी बोललं तरी यायच्यापाशी पोचत नाई, पन पत्र पोचते.

जाईबाई

---

अमरावती
१८ एप्रिल १९६३

मोतीराम भावजी,

जाईबाईनं मला सगळं लिहिलं. तिच्यावर रागावू नका. रागावलात तर तिला ऐकू येईल, आणि तिचं उत्तर तुम्हाला येणार नाही, मग भांडणात मजा राहणार नाही.

हे थट्टेचं लिहिलं कारण दुसरं काही लिहायला गेले की डोळ्यांत पाणी येतं. पत्र वाचून मी बालवाडीत पोरांसमोरच रडले. पोरं घाबरली. मी तुम्हाला काय काय लिहिलं! शिसारी लिहिलं. भावजी, तो शब्द माझा मला आता पाहवत नाही. आणि तुम्ही तरी कसले, चार ओळी खरं लिहायला काय होत होतं? पाठ सांगितली, कंडक्टर सांगितला, रेल्वेचे हमाल सांगितले, आणि दुखणं तेवढं सांगितलं नाही. दादाही असेच होते. छातीत कळ यायची तेव्हा म्हणायचे, सोल्डरिंगचा धूर लागला.

आता ऐका. म्हणजे वाचा.

मशीन परत पाठवायला मी एका पायावर तयार आहे. पण त्याला पुन्हा खोला, पुन्हा रुई भरा, पुन्हा बडनेरा, आणि तिकडे जाऊन एक व्हॉल्व जरी गेला तर ना तुमचं ना माझं. त्या मशीननं आपल्या घरातली माणसं फार थकवली. म्हणून मी दुसरं ठरवलं आहे. मशीन हलणार नाही, तुम्ही या. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी जाईबाईला घेऊन निघा. तुमचं दोघांचं मिळून वजन किती का असेना, स्वतःच्या पायांनी गाडीत चढता, हमाल लागत नाही.

पौर्णिमेला मशीनवर तुम्ही बसा, दादा बसायचे तसे. एक भोंगा लोकांकडे आणि दुसरा भाड्यानं आणून तुमच्या कानाशी लावते. जाईबाईचं मीठ ऐकू येतं तर माझा बेंजो का येऊ नये? माझी तेवढी एकच इच्छा आहे. दादा नाहीत. माझ्या वाजवण्याला दाद देणारं घरातलं तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही. किसनराव बरं म्हणतील, लोक टाळ्या देतील, पण कुठं चुकलं आणि कुठं जमलं ते सांगणारे तुम्हीच.

नाही म्हणू नका.

भागीरथा

---

अमरावती
१३ मे १९६३

भावजी, जय भीम.

नीट पोचलात, हे जाईबाईच्या कार्डावरून कळलं.

विहाराचा कार्यक्रम चांगला झाला असं वस्तीत सगळे म्हणतात. किसनराव आता स्वतःहून विचारतात, पुढच्या कार्यक्रमाला कोणती गाणी घ्यायची. क्लॅरिनेटवाला बडनेऱ्यालाच राहिला. हे सगळं तुम्ही ते ओझं पाठवलंत म्हणून झालं, हे मी विसरणार नाही.

पण मला एक विचारायचं आहे. कार्यक्रम संपल्यावर मी तुमच्यासमोर येऊन हातानं विचारलं, कसं झालं? तुम्ही "झकास" म्हणालात आणि लगेच वायर गुंडाळायला लागलात. मधल्या एका गाण्याला तुमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मी वाजवताना पाहिलं. तेव्हा मला वाटलं, पोचलं. मला इतकं बरं वाटलं की पुढच्या अंतऱ्यात एक पट्टी चुकले.

तोंडावर माणूस खोटं बोलतो. म्हणून लिहून विचारते. खरं खरं सांगा, कसं वाजलं?

भागीरथा

---

अकोला
२४ मे १९६३

वहिनींना जय भीम.

तुमच्या पत्राला उत्तर देऊ नको असं जाईबाईनं मला पाटीवर लिहून दाखवलं. म्हणते, वयनीले वाईट वाटेल. पण तुम्ही खरं विचारलं आहे आणि खोटं लिहायचा मला आता खरोखर कंटाळा आला आहे.

वहिनी, आवाज येत होता. गाणं येत नव्हतं.

भोंगा कानाला लावून बसलो होतो. पोटात, दातांत, सगळीकडे घूं घूं होत होतं, पण त्यातून सूर वेगळा निघेना. जाईबाईचं बोलणं मला का समजायचं ते आता कळतं. जेवायच्या वेळी ती काय विचारणार ते मला आधीच माहीत असायचं. गाण्याचं तसं नसतं. की मार्चपासून आतापर्यंत कानच आणखी उतरले, सांगता येत नाही. डॉक्टर तसंच म्हणाला होता.

टाळ्या दिल्या त्या लोकांच्या हाताकडे बघून दिल्या. लोक थांबले की मी थांबायचो. व्हॉल्व लाल झालेले दिसत होते, म्हणजे मशीन चालू आहे एवढं माझं काम मी नीट केलं.

रडण्याचं तुम्ही विचारलंत. मी तुमच्या बोटांकडे बघत होतो. एका गाण्याला तुमचा डावा हात वरपासून खालपर्यंत घसरला आणि परत वर गेला. मला वाटलं, हे दादाचं गाणं. परतवाड्याच्या पुरात म्हणत होता ते. वाटलं आणि ते माझ्या डोक्यात सुरू झालं, दादाच्या आवाजात, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न चुकता. लोक माझ्याकडे बघत होते, बघू दिलं. किती तरी दिवसांनी मी एक अख्खं गाणं ऐकलं.

गाडीत जाईबाईला विचारलं, दादाचं गाणं वयनीनं किती छान वाजवलं ना? तिनं नाही म्हणून मान हलवली आणि पाटीवर लिहिलं. ते लग्नातलं थट्टेचं गाणं होतं म्हणे, लोक हसत होते. दादाचं गाणं तुम्ही घेतलंच नाही.

म्हणून तुम्ही विचारलंत ते मला सांगता येत नाही, की कुठं जमलं आणि कुठं चुकलं. त्या कामाला मी आता उपयोगाचा नाही. याचं दुःख आहे, आणि ते मोठं आहे, हे तुमच्यापासून लपवत नाही. मशीन तिकडेच राहू द्या. ते पुन्हा कोणी उचलू नये.

फॅक्टरीत मला मशिनीवरून काढून गेटावर बसवलं आहे. कळलंच त्यांना. काम हलकं आहे, दिवस जात नाही.

दादाचं ते गाणं तो गेल्यापासून तुम्ही अजून वाजवलेलं नाही, हे मला माहीत आहे. का ते विचारत नाही. पण कधी तरी वाजवा. घरात दार लावून वाजवलंत तरी चालेल. आणि वाजवलं की मला दोन ओळी लिहून कळवा.

आपला
मोतीराम